हातमागावरचे चौदा तलाव

प्रिय ईरा आणि निशांत,

गेल्या रविवारी ईराने फोनवर तिचं काम दाखवलं. तिच्या त्या थंड देशातल्या तळ्यांचा नकाशा होता. एका तळ्यावर बोट ठेवलं की खाली पट्टी उघडायची, पट्टीवरचा ठिपका सरकवला की तळ्यात किती पिल्लं सोडली ते बदलायचं, आणि शेजारचं माशाचं चित्र लहान-मोठं व्हायचं. ईराने ते माझ्या टॅबवर पाठवलं आणि म्हणाली, "आजी, तू सरकव." मी ठिपका वर नेला, मासा लहान झाला. मी म्हटलं, हे मी आधी केलंय. ईरा हसली. तेव्हा कॉम्प्युटर कुठे होता, असं तिने विचारलं. कॉम्प्युटर नव्हता, मोडका हातमाग होता, असं मी म्हटलं तेव्हा निशांत म्हणाला की हे लिहून काढ.

म्हणून लिहिते आहे. उशीर करण्यात अर्थ नाही, कारण तो माग पाहिलेली बुऱ्हाणपुरात आता मी बहुधा एकटीच आहे. ज्यांचा तो माग होता त्यांचं नाव मी लिहिणार नाही. त्यांच्या घरची माणसं कुठे असतील आणि त्यांना आवडेल की नाही, मला माहीत नाही. ऑफिसात आम्ही त्यांना साहेब म्हणत असू आणि गावात त्यांना मणीवाले साहेब म्हणत, तेवढं पुरे.

आधी थोडं त्या काळाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी नागपूरला बी.ए. केलं तेव्हा नागपूर आपल्याच राज्याची राजधानी होती. माझा निकाल लागला आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं होतं. आपण इथेच राहिलो, पण ‘इथे’ म्हणजे काय ते बदललं. राजधानी भोपाळ झाली. शेजारच्या जुन्या संस्थानी मुलखाची ऑफिसं आपल्या ऑफिसांना जोडली गेली. त्याला विलीनीकरण म्हणत. आमच्यासाठी त्याचा अर्थ एवढाच होता की प्रत्येक गोष्टीचे दोन फॉर्म होते, दोन रजिस्टरं होती आणि एका कामाचे दोन साहेब होते. जुने कागद इंग्रजीत, नवे हिंदीत, आणि ऑफिसात बोलणं मराठीत. बहुतेक मराठी साहेबलोकांनी नागपूरकडे बदली मागून घेतली. आमच्या साहेबांनी मागितली नाही. का, म्हणून माझ्या वडिलांनी त्यांना एकदा विचारलं होतं. "तलावांची बदली होत नाही," एवढं ते म्हणाले आणि चहा प्यायले.

ते मत्स्य विभागाचे निरीक्षक होते. आपल्या तहसिलीतले चौदा तलाव त्यांच्याकडे होते. दर पावसाळ्यात त्या तलावांत माशांची पिल्लं सोडायची, वर्षभर ती वाढतात की नाही ते पाहायचं, आणि मासेमारीचा पट्टा, म्हणजे हक्क, ज्यांच्याकडे आहे त्यांच्याशी हिशेबाने वागायचं, हे त्यांचं काम. पिल्लांना ऑफिसात बीज म्हणत.

मी त्या ऑफिसात इंग्रजी टंकलेखनासाठी गेले. माझी मुलाखत मला अजून आठवते, कारण तिच्यात टंकलेखन नव्हतंच. भिंतीला लावून एक हातमागाचा सांगाडा उभा होता, त्यावर उभे दोरे ताणलेले होते. साहेब म्हणाले, "तो पांढरा मणी वर न्या." मी नेला.

"काय झालं?"

"पलीकडचा पत्र्याचा मासा खाली आला."

"का?"

"मला माहीत नाही."

"छान. ज्यांना सगळं माहीत असतं ते टायपिंगमध्ये चुका करतात," साहेब म्हणाले. सोमवारपासून मी कामाला लागले.

आता तो माग. प्रत्येक तलावासाठी एक दोरा होता. वर एक कांडी, खाली एक कांडी आणि त्यांच्यावरून फिरणारं दोऱ्याचं कडं. कड्याच्या एका बाजूला पांढरा मणी, दुसऱ्या बाजूला तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा कापलेला मासा. मणी म्हणजे तलावात एकरी किती बीज सोडलं ते. मासा म्हणजे वर्षाअखेर जाळ्यात येणारा मासा केवढा असेल ते. मणी वर गेला की मासा खाली येणारच, दोरा एकच. गर्दी वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला अन्न कमी, हे त्यांना कोणालाही समजावून सांगावं लागत नसे. दोन्ही बाजूंना खुणा होत्या. मण्याच्या बाजूला एकरी वाट्या, कारण बीज वाटीने मोजत, माशाच्या बाजूला पावशेर, अर्धा शेर, शेर, दीड शेर. त्या खुणा सारख्या अंतरावर नव्हत्या. अंतरं ठरवायला त्यांना दोन पावसाळे लागले होते, आणि त्या दोन पावसाळ्यांचा त्यांना अभिमान होता. मागे निळ्या फिती होत्या, त्या तलावाच्या पाण्याप्रमाणे दर महिन्याला खाली-वर करायच्या.

मणी बैलांच्या गळ्यातले, पोळ्याच्या बाजारातले. माग करीमभाई नावाच्या विणकराचा. त्याच्या घरी नवा माग आला होता आणि जुना अंगणात पडला होता. दोरे ताणून द्यायला तोच येई. येई तेव्हा म्हणे, "साहब, इसपे कपडा तो बननेसे रहा." साहेब म्हणत की कपडा तुम्ही विणा, मी तलाव विणतो. करीमभाई मान हलवी आणि दोरा चांगला ताणून देई, कारण सैल दोरा त्याला बघवत नसे.

साहेबांना आकडा विचारलेला आवडत नसे. कुणी येऊन म्हणालं, अमक्या तलावात यंदा किती बीज टाकायचं, की ते खुर्चीतून उठत आणि त्या माणसाला मागापुढे उभं करत. "बोट लावा." बोट लावल्याशिवाय ते उत्तर देत नसत. तहसीलदारांना त्यांनी बोट लावायला लावलं. पंचायतीच्या एका पुढाऱ्याने आपल्या हाताखालच्या माणसाला पुढे केलं तेव्हा साहेब म्हणाले, "त्याने बोट लावलं तर त्याला कळेल, तुम्हाला नाही." पुढारी रागावून गेला. पुढच्या आठवड्यात एकटा आला आणि मुकाट्याने मणी सरकवून गेला.

त्यांच्याकडे एक काळी छत्री होती, तिच्या दांड्यावर लाल रंगाची वर्तुळं होती. ती पाणी मोजायची छत्री. पावसात ते ती उघडत नसत, कारण ओल्या कापडाने वर्तुळं झाकली जातात. त्यामुळे पावसाळाभर साहेब ओले आणि छत्री हातात मिटलेली, हे दृश्य गावाच्या सवयीचं झालं होतं. त्यांची खोली पलीकडच्या काठावर, जैनाबादला होती. ऑफिसच्या मागे क्वार्टर असूनही ते रोज नावेने तापी ओलांडून येत. नावाडी रोज एकाच ठिकाणी नाव थांबवी, साहेब छत्री पाण्यात घालत, आणि मग नाव पुढे निघे. बाकीचे उतारू तेवढा वेळ बसून राहत. एकदा माझी आत्या त्या नावेत होती. घरी येऊन म्हणाली की तुझा साहेब नदीची नाडी बघतो.

मासे खायला त्यांना आवडत, पण त्यांना जेवायला बोलावणं कठीण होतं. ताटात पडलेला मासा कुठल्या तलावातला, हे कळल्याशिवाय ते घास घेत नसत. शिवाय स्वयंपाकघरात निरोप जाई की खवले टाकू नका. माशाच्या खवल्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात आणि त्यावरून त्याचं वय कळतं. ते खवले धुऊन काड्यापेटीत ठेवत, पेटीवर तलावाचं नाव लिहीत आणि भिंगातून बघत. त्यांच्या कपाटात फायलींपेक्षा काड्यापेट्या जास्त होत्या. आमचा चपराशी रामलाल म्हणे, "बाई, ह्या कपाटाला आग लागली तर पूरं बुऱ्हाणपूर उजळेल." पेट्या रिकाम्या आहेत, त्यांत काड्या नाहीत, हे त्याला माहीत होतं, तरी म्हणे.

भोपाळच्या ऑफिसातून नवं मासिक प्रपत्र येऊ लागलं. बीज किती वाट्या, बीजाचा आकार, पाण्याची खोली, असे रकाने, आणि सगळं तीन प्रतींत. साहेबांना ते प्रपत्र आवडत नव्हतं. एका महिन्यात त्यांनी ते भरलंच नाही. चौदा गाठी मारलेला आणि चौदा मणी ओवलेला एक लांब दोरा त्यांनी पाकिटात घातला आणि तो कसा वाचायचा याचं दोन पानी इंग्रजी पत्र मला सांगितलं. मी टाइप केलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, ते मला पाठ आहे. "धागा प्राप्त हुआ. प्रपत्र अप्राप्त है." त्यानंतर ते प्रपत्र भरू लागले, पण मनापासून नाही. बहुतेक रकान्यांत ‘पूर्वीप्रमाणे’ लिहून मोकळे होत. याबद्दल पुढे सांगायचं आहे.

तुम्हाला वाटेल की आजी एका प्रेमळ विक्षिप्ताची गोष्ट सांगते आहे. ते प्रेमळ नव्हते. चुकलेलं पत्र ते फाडत नसत, माझ्या टेबलावर उलटं ठेवत, आणि कुठे चुकलं ते मी शोधायचं. आपल्या मागाबद्दल ते कोणाचं ऐकत नसत. ज्या गोष्टीमुळे मला ते आठवतात, ती त्यांच्या या हट्टातूनच झाली.

चांदनी स्टेशनपासून मैलभरावर एक मोठा तलाव होता. त्याचा पट्टा तिथल्या भोई लोकांच्या सोसायटीकडे होता. वीस-बावीस घरं असतील. दुसरं काम त्यांच्याकडे नव्हतं. थोडे लोक नेपानगरच्या कागद कारखान्यात लागले होते, पण तिथे वशिला लागे. सोसायटीचं सगळं सुंदराबाई पाहत असे. पन्नाशीची विधवा बाई, अंगाने किरकोळ, आवाज मोठा. लिहिता-वाचता येत नसे, पण कुठल्या कागदावर काय आहे ते ती एकदा ऐकून विसरत नसे.

नवं राज्य झाल्यानंतर लागोपाठ दोन वर्षं त्या तलावातून लहान मासे निघाले. तळहाताएवढे. बाजारात त्यांना कोणी विचारेना. मागावर बघावं तर त्या तलावाचा मणी बरोबर जागी होता आणि पत्र्याचा मासा शेराच्या खुणेवर लटकत होता. साहेब चांदनीला गेले, मीही नोंदी घ्यायला बरोबर होते. त्यांनी सुंदराबाईला काठावर सगळ्यांसमोर विचारलं की मोठे मासे कुठे जातात.

ती म्हणाली, "आमच्या पोटात जातात म्हणता? बघा न पोट. आहे का काही त्याच्यात?"

साहेब म्हणाले की पोटाचं मला माहीत नाही, बीज मी सोडलंय आणि हिशेब मला माहीत आहे. मोठे मासे चोरून विकले जातात, असा त्यांचा समज झाला होता आणि तो त्यांनी लपवला नाही. मी वहीत मान घालून बसले होते. मला तेव्हा साहेबांचं म्हणणं खरं वाटत होतं, हेही लिहून ठेवते. माग खोटं कसं बोलेल?

आपला समज त्यांनी वर कळवला. मागाचं चित्र काढून जोडलं. दोन महिन्यांनी भोपाळहून पत्र आलं की आपल्याच यंत्राप्रमाणे मासा शेराचा असायला हवा, तो नसल्यामुळे सोसायटीने माल लपवल्याचं दिसतं, तरी पट्टा रद्द करून तलाव लिलावात का काढू नये, याचा खुलासा मागवावा. लिलाव म्हणजे तलाव बाहेरच्या ठेकेदाराकडे जाणार, हे सगळ्यांना कळत होतं. मी ते पत्र सुंदराबाईच्या माणसांना वाचून दाखवायला रामलालला पाठवलं. त्याने परत येऊन सांगितलं की बाईने पत्र दोनदा वाचायला लावलं आणि मग विचारलं, बुऱ्हाणपूरला गाडी किती वाजता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने ती आली. डोक्यावर टोपली, टोपलीत ओल्या गोणपाटाखाली मासे. ऑफिसात येऊन ती खाली बसली नाही. सरळ मागापाशी गेली, टोपलीतला एक मासा काढून पत्र्याच्या माशाशेजारी धरला. तळहाताएवढा होता.

"साहेब," ती म्हणाली, "तुमचा लाकडावरचा मासा मोठा, अन् माझ्या जाळ्यातला बारीक. दोघातला एक झूठ आहे. माझा तर मेलेला आहे. तो काय झूठ बोलेल?"

साहेबांनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. मग त्यांनी मासा घेतला, चिमट्याने खवला काढला, धुतला आणि भिंगाखाली ठेवला. खूप वेळ बघितलं. दुसऱ्या माशाचा खवला काढला, तिसऱ्याचा काढला. मी शेजारी उभी होते. त्यांनी मला भिंग दिलं आणि म्हणाले, "मोजा." दोन वर्तुळं होती. मासा दोन वर्षांचा होता. दोन वर्षं पाण्यात राहून तो तळहाताएवढाच वाढला होता. म्हणजे मोठा होता तो कोणी पळवला नव्हता, तो मोठा झालाच नव्हता.

साहेबांनी सुंदराबाईला एवढंच सांगितलं की खुलासा लिहू नका, थांबा. ती म्हणाली की थांबायला आम्हाला येतं, पण तलावाला कोण सांगेल थांब म्हणून? आणि टोपली उचलून गेली. मासे मात्र टेबलावर ठेवून गेली.

त्यानंतर चार-पाच दिवस साहेबांनी मागाला हात लावला नाही. एक शेतकरी आपल्या तलावाबद्दल विचारायला आला, त्याला त्यांनी बोट लावायला सांगितलं नाही. नंतर या म्हणाले. आमच्या ऑफिसात ही मोठी घटना होती. रामलालने मला बाहेर बोलावून विचारलं की साहेबांच्या घरी सगळं ठीक आहे ना.

पुढच्या आठवड्यात पावसाळ्याचं बीज आलं. ते पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यांतून रेल्वेने येई. चांदनीला पॅसेंजर दोन मिनिटं थांबे, तेवढ्यात डबे उतरवायचे आणि बैलगाडीने तलावावर न्यायचे. तिथे एका पितळी वाटीने बीज मोजून पाण्यात सोडत. वाटीच्या तळाला बारीक भोकं होती, त्यातून पाणी गळून जाई आणि मासेच उरत. इतकी वर्षं साहेब काठावर उभे राहून वाट्या मोजत आणि नोकरीला लागल्यापासून मी त्या वहीत घेत असे. त्या दिवशी पहिली वाटी भरली तेव्हा ते म्हणाले, "सोडू नका. ताटलीत ओता."

पांढऱ्या चिनी मातीच्या ताटलीत थोडं पाणी घालून आम्ही ती वाटी ओतली. साहेब, मी, रामलाल आणि सुंदराबाई असे चौघं ताटलीभोवती बसलो. शिंपल्याने दहा-दहा पिल्लं उचलून बादलीत टाकायची. पहिल्यांदा दोनशेच्या पुढे रामलालचा आकडा आणि माझा आकडा जुळेना. पुन्हा सुरुवात केली. सुंदराबाईला शंभराच्या पुढे आकडे येत नव्हते, ती प्रत्येक शंभराला एक खडा ठेवत होती. तिचेच खडे बरोबर निघाले. चार खडे झाले आणि वर ऐंशी पिल्लं.

साहेबांनी मागावरच्या खुणा वाटीत शंभर पिल्लं धरून आखल्या होत्या.

हे कसं झालं ते तुम्हाला सोपं करून सांगते. नवं राज्य होण्याआधी बीज आमच्याच विभागाच्या छोट्या तळ्यातून येई. तिथे ते वाढवून पाठवत, बोटाच्या पेराएवढं. ते वाटीत शंभरच मावे. विलीनीकरणानंतर ते तळं बंद झालं आणि बीज दुसऱ्या भागातल्या, नव्याने जोडलेल्या केंद्रातून येऊ लागलं. तिथे ते लवकर पाठवायची पद्धत होती, अर्ध्या पेराहून थोडंसं मोठं. ते तसं पाठवतात यात त्यांची चूक नव्हती, त्यांच्याकडे मागणी नगावर, म्हणजे मोजलेल्या पिल्लांवर, होई. आमची मागणी वाट्यांवर होती आणि ती तशीच पुढे गेली. नवं बीज रेल्वेने येई, म्हणून पहिली दोन वर्षं ते स्टेशनजवळच्या चांदनीतच सोडलं, बाकीच्या तलावांची पाळी यायची होती. एवढ्याशा बीजातली निम्मी पिल्लं मरतात असं धरलं, तरी तलावात दोन वर्षं जवळजवळ अडीचपट मासे पडत होते.

हे कळायला जागा होती. भोपाळच्या प्रपत्रात ‘बीजाचा आकार’ असा रकाना होता. काठावरून परत आल्यावर साहेबांनी मला जुनी प्रपत्रं काढायला सांगितली. दोन्ही वर्षी, दर पावसाळी महिन्यात, त्या रकान्यात त्यांच्या स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘पूर्वीप्रमाणे’. तिन्ही प्रतींत. त्यांनी एक-एक कागद पाहिला आणि परत फाईलला लावला.

पट्ट्याचा निर्णय करायला भोपाळहून मोठे साहेब आले ते यानंतर दहाएक दिवसांनी. ते सभ्य गृहस्थ होते, हे सांगायला हवं. त्यांनी सुंदराबाईला आणि सोसायटीच्या दोघा माणसांना खुर्च्या दिल्या. मग सगळं ऐकून घेतलं आणि हिंदीत म्हणाले की गोष्ट सरळ आहे. यंत्र बरोबर असेल तर दोष भोयांचा. यंत्र चुकीचं असेल तर ज्याने ते बनवलं त्याचा. तिसरा मार्गही आहे, बीज पाठवणाऱ्या केंद्राला पत्र लिहू, चौकशी चालेल, दोन-तीन वर्षं निघतील, कोणाचंच नाव येणार नाही. तोवर तलाव मात्र लिलावात जाईल, कारण तो असा ठेवता येणार नाही. तिसरा मार्ग त्यांनी साहेबांकडे बघून सांगितला. त्यांना साहेबांना वाचवायचं होतं, असं मला आजही वाटतं.

साहेब उठले. म्हणाले, "बोट लावा, साहेब."

मोठे साहेब हसले, पण उठले. चांदनीच्या दोऱ्यावरचा मणी त्यांनी धरला. साहेब म्हणाले, वर न्या. आणखी. आणखी. मणी शेवटच्या खुणेवर गेला, तिच्याही वर गेला आणि वरच्या कांडीला टेकला. पलीकडे पत्र्याचा मासा पावशेराच्या खाली गेला आणि खालच्या लाकडावर आपटला. त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"इसके नीचे निशान नहीं है," मोठे साहेब म्हणाले.

"नाही," साहेब मराठीतच म्हणाले. "एवढे मासे कोणी सोडेल असं मला वाटलं नव्हतं. मीच सोडले. मी वाट्या मोजल्या, मासे मोजले नाहीत."

"लिखकर देंगे?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी कागद चढवला. मी इंग्रजी शिकलेली होते आणि सरकारी इंग्रजीत स्वतःला कसं मागे ठेवायचं ते मला येत होतं. ‘असं आढळून आलं की’ अशी मी सुरुवात केली. साहेबांनी वाचलं आणि कागद माझ्या टेबलावर उलटा ठेवला. मला चूक शोधायला वेळ लागला नाही. दुसरा कागद चढवला आणि ‘मी’पासून सुरुवात केली. पत्र सात ओळींचं झालं. सोसायटीचा काही दोष नाही, हे वाक्य त्यांनी शेवटी ठेवायला सांगितलं, वेगळ्या ओळीवर. सही केली, आणि मोठ्या साहेबांनी ते घडी करून खिशात ठेवलं.

सुंदराबाईला इंग्रजी कळत नव्हतं. तिने विचारलं की काय लिहिलं. साहेबांनी तिला मराठीत वाक्यावाक्याने सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "हे त्या दिवशी काठावर बोलले असते त साऱ्या बायांनी ऐकलं असतं." साहेब म्हणाले, खरं आहे. दुसऱ्या दिवशी ते चांदनीला गेले. काठावर त्यांनी काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, मी बरोबर नव्हते. रामलाल होता. त्याने एवढंच सांगितलं की साहेब पाच मिनिटं बोलले आणि निघताना त्यांनी ऑफिसची पितळी वाटी सुंदराबाईच्या हातात दिली. इथून पुढे बीज आलं की आधी तुम्ही मोजायचं, पटलं तरच सोडू द्यायचं, असं सांगितलं. सरकारी वस्तू अशी देता येत नाही. साठ्याच्या रजिस्टरात ती वाटी किती वर्षं ‘येणे’ दिसत होती कोण जाणे.

पट्टा सोसायटीकडे राहिला. त्या वर्षी तलावात बीज सोडलंच नाही, गर्दी होती ती जाळ्याने कमी केली. साहेबांना ठपका मिळाला आणि हिवाळ्यात त्यांची बदली झाली, एका भांडार विभागात, जिथे जाळी आणि डबे होते, तलाव नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी बसून सगळ्या चौदा दोऱ्यांवरच्या वाट्यांच्या खुणा खरवडून काढल्या आणि तिथे पिल्लांचे नग लिहिले. दिवसभर लागला. मी म्हटलं, आता हे कोण वापरणार. ते म्हणाले, "चुकीचं लिहिलेलं कशाला ठेवायचं?"

नवे निरीक्षक आले. चांगले होते. त्यांना आकडा विचारला की ते आकडा सांगत. माग आधी व्हरांड्यात गेला, मग आवारात गेला, आणि एका उन्हाळ्यात करीमभाई येऊन लाकूड घेऊन गेला. मणी रामलालने बैलांना घातले. माझं लग्न ठरलं, मी नोकरी सोडली, पुढे शाळेत इंग्रजी शिकवलं, ते तुम्हाला माहीत आहे. साहेबांचं एक कार्ड आलं होतं, लग्नानंतर वर्षभराने. आशीर्वाद वगैरे काही नाही. चांदनीला यंदा मासा केवढा निघाला, एवढंच विचारलं होतं. मी सुंदराबाईकडे माणूस पाठवून विचारलं आणि उत्तर लिहिलं, सव्वा शेर. ते पोचलं की नाही मला कळलं नाही. त्यानंतर त्यांचं पत्र आलं नाही. ते कधी गेले तेही मला माहीत नाही.

गेल्या पावसाळ्यात मी गाडी करून चांदनीला जाऊन आले. सुंदराबाई जाऊन चाळीस वर्षं होत आली. पट्टा अजून सोसायटीकडे आहे, आणि तिची नातसून सोसायटीची चिटणीस आहे. तिच्याजवळ मोबाइल आहे आणि सगळे आकडे ती त्यात ठेवते. मी गेले तेव्हा टेम्पोतून बीज उतरत होतं, प्लास्टिकच्या पिशव्यांमधून. ती पितळी वाटी कुठे गेली ते तिला माहीत नव्हतं, साहेबांचं नावही तिने ऐकलं नव्हतं. आता वाटी स्टीलची आहे. पहिली वाटी ती पाण्यात सोडत नाही. ताटलीत ओतते, दोघी-तिघी भोवती बसतात, आणि मोजतात.